ह्यो न्हाई कोन्चा?

मला वाडीत बानू बडबडी म्हनत्यात. म्हनू द्या. देवानं तोंड दिलंय ते काय नुसतं भाकर चावायला? माजा बाप मुंजाजी म्हनायचा, ह्या पोरीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. खरंच हाय ते. पर एक गोष्ट माज्या तोंडात वर्सानुवर्सं भिजत पडली होती, आन तीबी एका घुम्या मानसापायी. तीच सांगते. मदी मदी जीभ दुसरीकडं वळली तर जरा दम धरा.

येलदरीच्या धरनावरून वर माळाला लागलं की आमची वाडी. आमी हाटकर, मेंढरावाले. थोडी मेंढरं, थोडं हलकं रान, राहिलेले दिस दुसऱ्याच्या शेतात रोजानं. वाडीच्या वरल्या अंगाला रायभानचं घर. घरात तो आन त्याची माय भिवराबाई, दोघंच. रायभान म्हनजे काय सांगू तुमाला! दिवसभरात चार शब्द जास्ती बोलला तर भिवराबाईला वाटायचं, पोराला ताप आलाय. आमी एकाच माळावर कोकरं राखीत मोठे झालो. मी बोलायची, तो ऐकायचा. एका दिशी म्या मुद्दाम तोंड बंद ठिवलं. म्हनलं बगावं, ह्यो आपनहून काय बोलतो का. दिस मावळायला आला तवा ह्यानं इचारलं, "आज काय झालंय तुला?" तेवढंच. पर इचारलं का न्हाई?

मी मोठी झाले तशी भिवराबाई आमच्या दारात मागनी घिऊन आली. बाप माजा कडक. म्हनला, "भिवराबाई, पोरगं चांगलं हाय, पर घुम्या हाय. माज्या पोरीनं बोलायचं कुनाशी, मेंढरायशी?" म्हातारी ताडकन उठली. "एकदा दार वाजवलं. आता ह्या दारात पाय ठिवनार न्हाई," म्हनली आन गेली. मला दिली पिंगळीकडं. नवरा चांगला होता, मेलेल्या मानसाला वाईट कामून बोलू? पर वर्स-दीड वर्सात कावीळ झाली आन गेला बिचारा. मी परत बापाच्या दारात.

तवा सगळी वाडी भेटाया आली, आन ज्यानं त्यानं काय ना काय बोलून घेतलं. नशीब म्हना, पांढरा पाय म्हना, देवाची करनी म्हना. रायभान आला, उंबऱ्याच्या भाईर बसला, दुपारपासनं दिवेलागनीपर्यंत. एक सबूद न्हाई. उठून गेल्यावर बगतो तर आमच्या खुंट्याला एक काळी मेंढी बांधलेली. मेंढरावाला मानूस मेंढी अशी कुनाला देत नसतो. बाप ती परत न्यायला सांगायला गेला, तर ह्यानं नुसती मान हालवली. आता ह्याचं काय समजायचं? कीव समजायची का आनखी काय? मी त्या मेंढीला रोज इचारायची. तीबी तसलीच घुमी निघाली.

आमच्यात नवरा गेलेल्या बाईचा पाट लागतो, त्याची काय लाज न्हाई. पर सबूद पुरुषाकडून यावा लागतो. बाईनं आपल्या तोंडानं "मला कर" म्हनायचा रिवाज न्हाई. म्हनजे बगा, साऱ्या जगाशी बडबडनारी मी, आन ह्या एका गोष्टीत माजं तोंड शिवलेलं. ज्यानं बोलायचं तो जल्माचा घुम्या. त्याच्या मायनं शपथ घेतलेली. बोलनाऱ्याचे हुलगे इकतात आन न बोलनाऱ्याचे गहू पडून राहत्यात, ते काय खोटं न्हाई. रायभान तिशीला टेकला तरी त्याचं लगीन न्हाई. कुनी म्हनायचं, मेंढरायमागं हिंडनाऱ्याला पोरगी कोन देतंय. कुनी म्हनायचं, त्याला बायकोची गरजच न्हाई. मला वाटायचं, माज्यापायी थांबलाय. वाटायला काय, मानसाला काहीबी वाटतं.

नामांतराचे दिस होते. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे, बंद, येष्टी कवा चालू तर कवा ठप्प. बाहेरगावचं कुनी आलं की लोक आदी आडनाव इचारायचे. अशात त्या विद्यापीठातून एक बाई आल्या, विशाखाबाई. आडनाव इचारलं की हसायच्या. "नुसतं बाई म्हणा, पुरे," म्हनायच्या. येलदरीच्या शाळेत एका खोलीत राहिल्या. मानसाचा स्वभाव मोजायला आलेय म्हनल्या. माजा बाप त्यायच्या तोंडावर म्हनला, "कशात मोजता बाई, पायलीत का तराजूत?"

बाई रागावल्या न्हाईत. म्हनल्या, "तराजू नाही हो. छोटी छोटी वाक्यं वाचून दाखवायची. माणसानं 'हो' म्हणायचं, 'नाही' म्हणायचं, नाहीतर 'सांगता येत नाही'. एका वाक्यानं काही कळत नाही. पण पुष्कळ वाक्यांची उत्तरं एकत्र ठेवली की माणूस कुठल्या बाजूला झुकतो ते दिसतं. कुणी माणसांत रमतो, कुणी आपल्या आत. कुणी पटकन चिडतो, कुणी शांत."

मी म्हनलं, "व्यक्ती तितक्या प्रकृती, बाई. आन स्वभावाला औषध न्हाई. मग मोजून काय करनार?"

"औषध द्यायचंच नाहीये," बाई म्हनल्या. "ही वाक्यं शहरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी तयार झाली. ती तुमच्याकडच्या माणसांना लागू पडतात का, ते बघायचंय."

कुठली लागू पडायलीत! 'मला समारंभात सहभागी होणे आवडते' म्हनलं की म्हातारी मानसं इचारायची, "कुनाचा समारंभ हाय?" मग बाईनी मला धरलं. मी सातवी पास, बालवाडीत लेकरं सांभाळायची, वाचता-लिहिता यायचं. आमी दोघी वाक्यं आमच्या बोलीत बसवत बसलो. एक वाक्य होतं, 'मला एकाकी वाटते.' बाई म्हनल्या, "याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

"करमत न्हाई."

"पण ते तेच आहे का?"

म्या जरा इचार केला. "तेच न्हाई, बाई. एकाकी म्हनजे कुनीच न्हाई. करमत न्हाई म्हनजे समदे हायत, पर एक जन न्हाई."

बाईनी माज्याकडं नीट बगितलं आन ते वाक्य तसंच ठिवलं. पुढचं लय लांबलचक होतं, 'लोक भेटायला आले नाहीत तरी मला चुकल्याचुकल्यासारखे होत नाही,' असं काहीतरी. मी म्हनलं, "एवढं कशाला, बाई? सरळ म्हना, मी कुनाची वाट बघत न्हाई." हे वाक्य माज्या तोंडून कसं काय निघालं ते मलाच ठाऊक. बाईनी मान डोलावली. अशी 'न्हाई'ची उलटी वाक्यंबी मदी मदी लागत्यात म्हनल्या. "तुमच्याकडची माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. काहीही विचारा, हो बाई, हो बाई. उलटं वाक्य टाकलं की असं नुसतं हो-हो करणारा कळून येतो."

मग नेम सांगितले. वाक्य लिव्हलंय तसंच वाचायचं. समजलं न्हाई तर परत वाचायचं. समजावून सांगायचं न्हाई, सुचवायचं न्हाई, जवाब ऐकून मानसुद्धा हालवायची न्हाई. माज्यासारखीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आन म्हैन्यानं त्याच मानसायला तीच वाक्यं परत इचारायची. मी म्हनलं, "परत कशाला? एकदा सांगितलं की." तर बाई म्हनल्या, "तेच पोतं दोनदा तोललं आणि वजन वेगवेगळं आलं, तर खोट कशात? तराजूत की पोत्यात?" हे मातर मला पटलं.

पयला नंबर बापाचा. "मला लवकर राग येत न्हाई," म्या वाचलं. बाप वरडला, "येत न्हाई म्हंजे न्हाई! किती बार सांगू?" हसू दाबता दाबता माजं पोट दुखलं.

रायभानकडं मी सगळ्यात शेवटी गेले, मुद्दामच. जायच्या आदी केस विंचरले, हे सांगायला लाज कसली. भिवराबाई दारात लोकर कातीत बसली होती. म्हनली, "ये. तुज्या बापावरचा राग तुज्यावर न्हाई." रायभान खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरं सोडायच्या तयारीत. लहानपनी अरे-तुरे करायचो, पर आता लोकायच्या देखत मी त्याला तुमी म्हनायची. "बसा तुमी. मी वाक्य वाचते. खरं असलं तर हाव म्हना, खोटं असलं तर न्हाई."

तो बसला.

"मला मानसायत मिसळाया आवडतं."

"न्हाई."

"मी मनातलं लगीच बोलून टाकतो."

भिवराबाई फिसकन हसली. "न्हाई," म्हनला रायभान.

"मला लवकर राग येत न्हाई."

तो इचारात पडला. "कोकराला कुत्रं लागलं तर..."

"हाव का न्हाई, तेवढंच."

"हाव."

मग पुढचं वाक्य वाचलं. "मला करमत न्हाई."

रायभाननं माज्याकडं बगितलं. "कवा?"

"कवा ते कागदावर न्हाई. वाटतं तसं सांगा."

एक मेंढी वरडली, दुसरीनं तिला जवाब दिला. "हाव," म्हनला तो. मान हालवायची नव्हती, न्हाई हालवली. लगीच खालचं वाक्य वाचलं.

"मी कुनाची वाट बघत न्हाई."

"न्हाई," म्हनला. आन मेंढरायकडं तोंड फिरवलं.

आता तुमीच सांगा, ह्या न्हाईचं काय करायचं? न्हाई, मी कुनाची वाट बघत न्हाई, असा तो न्हाई? का न्हाई, हे वाक्य खोटं हाय, मी बघतो वाट, असा न्हाई? आमच्या बोलीत दोन्हीला न्हाईच म्हनत्यात. कागदावर हाव-न्हाईचे दोन रकाने, अन् त्या दोन रकान्यायच्या मदी माजी अख्खी जिंदगी लटकलेली. परत वाचायची परवानगी होती, म्हनून परत वाचलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"न्हाई म्हनलं की," रायभान म्हनला.

घ्या! मी राहिलेली वाक्यं कशीबशी इचारली आन माळ उतरले. वाटेत त्या मानसाला इतक्या शिव्या दिल्या, इतक्या दिल्या, आन मग एका धोंड्यावर बसून रडले.

सांजच्याला शाळेत गेले तर बाई कंदिलाची काच पुसायल्या होत्या. कागद चाळता चाळता म्हनल्या, "हे एक उत्तर कोरं राहिलंय."

"बाई, त्यो न्हाई म्हनला. पर न्हाई कोन्चा ते कळंना."

बाईनी कपाळाला हात लावला. "अगं, ही अडचण आणखी बऱ्याच जणांच्या बाबतीत आलीय. बघते काय करायचं ते."

"पर बाई, घुम्या मानूस असला तर त्याचं मन मोजायचं कसं?"

"माणूस स्वतः काय सांगतो, ते एक माप," बाई म्हनल्या. "जवळची माणसं त्याच्याबद्दल काय सांगतात, ते दुसरं. आणि तो काय करतो, ते तिसरं. एकच माप धरून बसू नये." काळी मेंढी माज्या डोळ्यापुढं उभी राहिली. पर मेंढीवर कुनी जल्म काढत न्हाई.

त्यात नवीनच घोर लागला. बापानं सेलूकडून एक स्थळ आनलं. सटवाजी नाव, तिथल्या जिनिंगात मुकादम, बायको वारलेली. मानूस बोलका, हसरा. मला म्हनला, "आदी तुमी बोला, मी ऐकतो. मग मी बोलतो, तुमी ऐका." वाईट असता तर बरं झालं असतं, तोंडावर न्हाई म्हनून मोकळी झाले असते. खोड काढायला जागाच न्हाई. बाप रातच्याला भाकर मोडता मोडता म्हनला, "बानू, दसऱ्याला सोनं द्यायला येतील, तवा जवाब द्यावा लागंल. मी थकलो आता. माज्यामागं तुजं कोन हाय?" कडक मानसाचा आवाज असा मऊ झाला की काळजाला भोक पडतं.

मी म्हनलं, "दसऱ्याला सांगते." मनात हिशेब पक्का. दसऱ्याच्या आत म्हैना भरतो. बाई नवे कागद घिऊन येनार, मी परत माळावर जानार, तेच वाक्य परत वाचनार. बगत न्हाई असं कळलं तर गुमान सेलूला जायचं. बगतो असं कळलं तर... तर काय ते तवा बगू. पर कळल्याबिगर मी ह्या वाडीतून हालनार नव्हते. दसरा झाला की दुसऱ्या दिशी आमच्याकडची मेंढरं लांबच्या चाराईला निगत्यात, ती मिरगाला माघारी. म्हनजे जे व्हायचं ते दसऱ्याच्या आत.

आन बंद लागला. नामांतराच्या मोर्च्यापायी येष्टी थांबल्या, परभनीची न्हाई का जिंतूरची न्हाई. बाई तिकडं औरंगाबादला अडकलेल्या. मी रोज फाट्यावर जाऊन उभी राहायची. येनारी-जानारी बैलगाडी मला इचारायची, कुनाची वाट बघायलीस गं? न्हाई, कुनाची न्हाई, असं म्हनायची मी. म्हनायची आन माजीच मला चीड यायची.

दसऱ्याच्या आदल्या दिशी बाई आल्या, कुनाच्या तरी ट्रकमदी बसून, धुळीनं माखलेल्या. त्यायला पानीबी न देता म्या कागद मागितले. वरपासून खालपर्यंत वाचले. परत वाचले. ते वाक्यच न्हाई.

"बाई, वाट बघायचं कुठं गेलं?"

"गाळलं ते. निम्म्या लोकांचं उत्तर कुठल्या रकान्यात टाकायचं तेच कळेना."

"पर लय चांगलं वाक्य होतं, बाई."

"चांगलं असून चालत नाही, बानू. मापात यावं लागतं," बाई म्हनल्या. मग माज्या तोंडाकडं बगितलं. पुढं काय इचारलं न्हाई त्यायनी, आन म्याबी सांगितलं न्हाई.

तरी माळावर गेले. काम घेतलेलं, करावं तर लागनार. वाटलं होतं रायभान मेंढरायमागं गेला असंल, भिवराबाईला निरोप ठिवून माघारी यावं. तर हा दारात बसलेला. भर दुपारी. आंगूळ केलेली, डोक्याला धुतलेला पटका, दाढी केलेली. मेंढरं कुठं दिसंनात.

भिवराबाई करवादली, "बघ बाई तूच! लय दिस झाले, मेंढरं भावकीच्या हवाली करून हितंच बसायलाय. पाय दुखतो म्हनतो. कुनाच्या लग्नाला कवा मेंढरं सोडून गेला न्हाई, आन आता पाय दुखतो!"

मी बसले, कागद उघडला. मानसायत मिसळाया आवडतं, न्हाई. मनातलं लगीच बोलून टाकतो, न्हाई. राग येत न्हाई, हाव. करमत न्हाई, ह्या टायमाला त्यानं कवा म्हनून इचारलं न्हाई, हाव म्हनला. सगळं मागल्यावानीच. तराजू चोख निघाला, पर माजा एक दाना मोजायचा तसाच राहिला. शेवटचं वाक्य झालं. मी कागदाची घडी घातली आन उठले.

"एक राहिलं," रायभान म्हनला.

भिवराबाईचे हात थांबले. आपनहून बोललेला तिनंबी कवा ऐकला नव्हता.

"काय राहिलं?"

"एक वाक्य. वाट बघायचं."

"ते बाईनी काढलं."

"कामून?"

"लोकायच्या न्हाईचा अर्थ लागंना."

"कुनाच्या न्हाईचा?"

आता मातर माजा बांध फुटला. गेले ते नेम उडत! "तुज्या!" मी वरडले. "तुज्या न्हाईचा, रायभान! जेवन ग्वाड लागंना, डोळ्याला डोळा लागंना. बघतोस म्हनून न्हाई, का बघत न्हाईस म्हनून न्हाई? उद्या सेलूची मानसं येनार हायत माजा जवाब घ्यायला. तुजा जवाब कळल्याबिगर मी माजा कसा देऊ? मेंढी बांधून गेलास, तोंड काय खुंट्याला बांधलं होतंस का?" लोकायच्या देखतचं तुमी कुठल्या कुठं गेलं, त्याचं मलाबी भान न्हाई.

रायभान मातीत बोटानं रेघ वढत बसला. आता ह्यो मावळतीपर्यंत असाच बसनार असं वाटलं.

"तू माळ उतरलीस तवा ध्यानात आलं," म्हनला तो. "तुला उलटं ऐकू गेलं असंल. मागं पळावं वाटलं. मग म्हनलं, म्हैन्यानं तेच इचारायला येनार हाय, तवा नीट सांगू. म्हनून बसलो हितं."

"आन पाय?"

"पायाला काय झालंय?"

भिवराबाईनं तोंडाला पदर लावला. मी परत खाली बसले.

"मग सांग की नीट," म्हनलं मी.

"तू इचार."

"कागदावर न्हाई ते."

"कागद राहू दे. उलटं इचारू नकू, सुलटं इचार."

म्या सुलटं इचारलं. "मी कुनाची तरी वाट बघतो."

"हाव," म्हनला रायभान.

"कवापासनं?"

"हे कागदावर होतं का?"

"न्हाई."

"तरी सांगतो. तुज्या बापानं आमाला न्हाई म्हनलं, तवापासनं." मग वर बगून म्हनला, "आन तू? सेलूचं ऐकलंय मी. तू कुनाची वाट बघत न्हाईस?"

"न्हाई," म्हनलं मी, आन हुंदकाच फुटला.

"अगं माय!" भिवराबाईनं डोक्याला हात लावला. "आता ह्यो न्हाई कोन्चा?"

दुसऱ्या दिशी दसरा. सेलूची मानसं यायच्या आदीच भिवराबाई आपट्याची पानं घिऊन आमच्या दारात उभी. शपथ मोडली म्हातारीनं. बाप इचारतो, "पोरगं आता बोलतंय का?" म्हातारी म्हनली, "तुमच्या पोरीपुरतं बोलतंय." बापानं सोनं घेतलं, कपाळाला लावलं. सटवाजीला म्या सोता सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, च्या घेतला, जाताना हसलाबी. भला मानूस. त्याला चांगली मिळो असं म्या देवाला म्हनलं, आन पुढं मिळालीबी.

मेंढरं ठरल्याप्रमानं निगाली. दसऱ्याला सबूद लागला आन मानूस मिरगाला हाती आला. मदला सगळा येळ मी माळाकडं डोळे लावून. मला वाटलं होतं, पाट लागला की वाट बघनं सुटंल. कशाचं सुटतंय! मेंढरावाल्याची बायको झाले म्हनजे जल्माचीच वाट बघायची नोकरी धरली. दर दसऱ्याला जातो, मिरगाला येतो. घरात भिवराबाई हाय, दोन लेकरं हायत, काळ्या मेंढीच्या नाती-पनती हायत, बडबड करायला समदी वाडी हाय. करमत न्हाई ते न्हाईच.

औंदा संक्रांतीला रेडिओवर ऐकलं, विद्यापीठाला नाव मिळालं. मी तिळगूळ वळायले होते. हात तसाच थांबला आन विशाखाबाई आठवल्या, आडनाव इचारलं की हसायच्या त्या. माजा म्हैना संपला, पर ह्या नावाची वाट बघनाऱ्या त्यायचा म्हैना किती लांबला असंल, हे मला तवा पयल्यांदा सुचलं. इतका येळ त्या माज्याशेजारी बसून वाक्यं बसवत होत्या, आन त्यायला कुनी इचारलंच न्हाई. रायभानला सांगायचं होतं हे. पर तो तिकडं लांब कुठल्या तरी रानात मेंढरं बसवून हाय.

सरल्या दसऱ्यालाबी तसाच गेला. घोंगडी खांद्यावर टाकली, मेंढरं फुडं घातली, आन वळून दरसालचं म्हनला, "माजी वाट बघत बसू नकू."

"न्हाई," म्हनलं मी.

कोन्चा, हे तो इचारत न्हाई.